किंचित पिवळी झाक

ऑफिसात त्यांना सगळे पाणीवाले काका म्हणत. हिऱ्याचं पाणी जोखतात म्हणून पाणीवाले. नव्या कुरियरवाल्याला हे कुठलं माहीत. बेसिनचा नळ गळतोय हे तो बिचारा त्यांनाच सांगायला आला होता. काका निमूट उठले आणि नळ बघून आले. एकतीस वर्षं भिंगात डोळा घालून बसलेल्या माणसाला गळका नळसुद्धा सुट्टीसारखा वाटतो.

टायरच्या दुकानावरच्या त्या तीन खोल्यांत जुने दागिने यायचे. कुणाची आजी गेली, कुणाची मावशी गेली, की कपाटं रिकामी व्हायची आणि डब्या इकडे यायच्या. फोटोवाली फोटो काढायची, काका प्रत्येक हिऱ्यातले दोष लिहून द्यायचे, आणि मग ते सगळं ऑनलाइन लिलावात चढायचं. घेणाऱ्याला वस्तू हातात घेता येत नाही. काकांच्या दोन ओळी वाचायच्या आणि बोली लावायची.

दोष नाही असा जुना हिरा काकांनी क्वचितच पाहिला होता. एखाद्याच्या काठाचा टवका उडालेला असायचा आणि कुणी बेरकी सोनाराने तो पकडीच्या काट्याखाली बेमालूम लपवलेला असायचा. एखाद्यात तडा. जुन्या कारागिरांनी खालचं टोक सपाट कापलेलं असायचं, ते वरून बारीक भोकासारखं दिसायचं, आणि मग घेणाऱ्यांच्या मेल यायच्या की तुम्ही आम्हाला भोक पडलेला हिरा विकलात. काका उत्तर द्यायचे: ते भोक नाही, ती त्या काळची पद्धत आहे. हे वाक्य लिहून लिहून त्यांना त्या काळाचाच वीट आला होता. दमले होते काका. पूर्वी एखादा खडा बघून त्यांना दुपारचा डबा खायची आठवण राहत नसे. आता खडा आला की ते घड्याळाकडे बघायचे.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, स्वतःची अंगठी आणून दिली होती. बोटांची पेरं सुजायची, अंगठी चढेना. मूलबाळ नाही, मग ठेवायची कुणासाठी? अंगठी तिच्या सासूची. म्हातारीकडे दोन सारख्या अंगठ्या होत्या. नऊ वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि ती नऊही वर्षं तिचं सगळं ताईने केलं. जाण्याआधी तिने एक अंगठी ताईला दिली, एक धाकट्या सुनेला, आणि ताईच्या कानात सांगितलं, "चांगली तुला दिलीये. पाण्यासारखी पांढरी आहे. तिला बोलू नकोस."

काकांनी भिंग लावलं आणि हसले. "ताई, सगळ्यांच्या सासवांचे हिरे पांढरेच असतात." मग नेहमीच्या हाताने लिहिलं: किंचित पिवळी झाक, आतून धूसर, काठाला एक टवका. ताई म्हणाली, "परत एकदा बघ ना." काका म्हणाले, "परत काय बघायचंय?"

अंगठी यथातथाच किमतीला गेली. त्याचं ताईला काही वाटलं नाही. वाटलं ते निराळंच. म्हणजे म्हातारीने चांगली अंगठी धाकटीला दिली आणि गोड बोलून आपल्याला बनवलं! रोज सकाळी दहाला दोघी जावा फोनवर तासभर बोलायच्या. ताईने एके दिवशी तोंडाला येईल ते बोलून फोन ठेवला, तो कायमचा.

आणि गेल्या बुधवारी फोटोवालीने लॅपटॉप काकांपुढे आणून ठेवला.

"काका, ही तुमच्या ताईंची अंगठी ना?"

कुण्या व्यापाऱ्याची साइट होती. अंगठी तीच, पकडीचा एक काटा वाकडा होता, तो काकांना पाठ होता. खाली प्रयोगशाळेचा दाखला: रंग पांढरा, वरच्या प्रतीचा. आतून स्वच्छ. काठाला एक टवका.

"दाखले काय, कुणीही छापतं," काका म्हणाले. "आणि फोटोत पिवळ्याचं पांढरं करता येतं, हे तुला मी काय सांगायचं?"

"मी दाखल्याचा नंबर तपासला. खरा आहे." ती खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अजून एक आहे. ह्याच माणसाने वर्षभरात आपल्याकडून अकरा हिरे उचललेत. तुम्ही पिवळी झाक लिहिलंय तेवढेच. दुसऱ्या कशाला तो हातच लावत नाही."

काकांना राग आला. आधी त्या व्यापाऱ्याचा, मग हिचा. चाळिशीची बाई, काल कॅमेरा घेऊन आली आणि आज मला शिकवते! रागाच्या भरात त्यांनी टेबलाचा खण उघडला. त्यात एका छोट्या डबीत नमुन्याचा हिरा असायचा, निखळ पांढरा. दिवसाचा पहिला खडा बघण्याआधी हा बघायचा, म्हणजे डोळा ताळ्यावर येतो, हा ह्या धंद्याचा नियम. काकांनी तो कितीजणांना शिकवला होता. स्वतः मात्र दोन वर्षांत डबी उघडली नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणायचे.

त्यांनी नमुना चिमट्यात धरला. पिवळट दिसला. आत धुरकट.

भिंग पुसलं. हिरा स्पिरिटने धुतला. दिवा बदलला. शेवटी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं: भिंग डाव्या डोळ्याला लावलं. हिरा स्वच्छ पांढरा होता. पुन्हा उजवा, पिवळा. पुन्हा डावा, पांढरा. एरवी दोन्ही डोळे उघडे असतात, एकाचं उणं दुसरा भरून काढतो. भिंगाला मात्र एकटा उजवाच लागायचा.  काका तिथल्याच खोक्यावर बसले. फोटोवालीने पाणी आणून दिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरने संध्याकाळीच सांगितलं, मोतीबिंदू, पिकत आलेला, दीड वर्षाचा तरी असेल. "हिऱ्याच्या माणसाकडे मोती निघाला," म्हणून तो स्वतःच हसला. काकांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

ऑफिसच्या मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि काकांना बसवलं.

"काका, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, हा अभिप्राय आहे, हमी नाही. विकणाऱ्यांना आता कळवत बसलो तर उद्या आपल्याकडे कुणी चमचासुद्धा पाठवणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑपरेशन करून घ्या, महिन्याने या, तुमची खुर्ची कुठे जात नाही."

"ताईला...?"

"कशाला? त्यांना विकायचीच होती ना? आता सांगून अंगठी परत येणार आहे का?"

काका "बरं" म्हणाले. जिना उतरताना त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

ताईकडे ते गेले ते ऑपरेशनच्या दिवशी सोबतीला चल म्हणायला. खरं सांगायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. सकाळचे दहा वाजले होते. ताई टेबलाशी बसली होती, समोर चहा निवत होता, फोन उपडा पडला होता. भिंतीवर सासूबाईंचा फोटो नव्हता, नुसता खिळा होता.

"फोटो कुठे गेला?"

"पलंगाखाली. खोटारड्या बाईचं तोंड मला रोज बघायचं नाही." ताईचा आवाज फाटला. "नऊ वर्षं हिचं हगणंमुतणं काढलं मी. आणि मरताना मला बनवून गेली. रात्रंदिवस हेच डोक्यात असतं बघ. जेवण जात नाही."

काका उभेच होते. मग बोलले, रोज लिहायचे तसे, तुटक तुटक.

"ताई, माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दीड वर्षापासून. तुझी अंगठी पांढरी होती. आतून स्वच्छ. मला पिवळी दिसली."

तिला कळायला वेळ लागला.

"म्हणजे सासूबाई...?"

"खरं बोलत होत्या."

ताई रडली नाही. तिने काकांकडे असं पाहिलं की त्यांना भिंतीत शिरावंसं वाटलं.

"माझी जाऊ म्हणाली होती," ती सावकाश म्हणाली, "मी माझी अंगठी घेऊन येते, दोन्ही शेजारी ठेवून बघू. अजून विकली नव्हती तेव्हा. मी म्हटलं, माझ्या भावाने बघितलीय, त्याच्यापुढे तुझी अक्कल किती! असं बोलले मी तिला. तुझ्या जिवावर बोलले."

"चुकलं माझं."

"एकवार बघ म्हटलं होतं रे तुला. एकवार."

 मग ताईने विचारलं, "अशा अजून किती?"

"दहा."

"त्यांना कळवलंस?"

"मालकीणबाई म्हणाल्या, नको. मी बरं म्हटलं."

"त्या दहांच्या घरी काय काय चाललं असेल, माहितीये तुला?"

"नाही."

"मलाही नाही. उद्या एकेकाला पत्र टाकायचं. खुर्ची गेली तर गेली. पण आधी माझ्या जावेला फोन लाव. मला तोंड नाही."

नंबर तिने तोंडपाठ सांगितला. काकांनी लावला. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला, जणू कुणी फोनपाशीच बसलं होतं.

"मी ताईचा भाऊ बोलतोय," काका म्हणाले. "मला जरा..."

"काय झालं जाऊबाईंना?" पलीकडचा आवाज घाबराघुबरा होता आणि इतका मोठा की टेबलापलीकडे ऐकू गेला. "बऱ्या आहेत ना? आधी ते सांगा!"

काकांनी तोंड उघडलं, पण ताईने फोन हिसकावून घेतला.

"मला काय धाड भरलीय!" ती म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. "माझ्या भावाचा डोळा गेलाय गं. आणि त्याच्या नादाने माझे दोन्ही."