घुबडाक्काची नजर

सकाळी पोरं शाळेला निघताना घरोघरी जो गोंधळ उडतो, तो तुम्हाआम्हाला नवा नाही. कुणाचा एक मोजा सापडत नाही, कुणाला दारात पोचल्यावर चार्ट पेपर आठवतो. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळच्या तीन मजली इमारतींच्या एका सोसायटीत राहणाऱ्या मैथिलीच्या घरीही रोज हेच चालायचं. त्यामुळे त्या दिवशी अक्षदा जिना उतरून पुन्हा धापा टाकत वर आली, तेव्हा मैथिलीने मान वर न करताच विचारलं, "आता काय विसरलीस?"

"काही नाही गं." नऊ वर्षांची ती पोरगी सोफ्यावर टेकली, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली आणि उठली. "सुमतीआजी खिडकीत दिसली. आज टेस्ट आहे ना. आक्का दिसली, वाट फसली!"

मैथिलीला हसू आलं. येणारच, कारण ते वाक्य तिचंच होतं.

'रानगडचे रखवाले' ही मुलांची चित्रमालिका मैथिली लिहायची आणि काढायचीही. ठाण्याला नौपाड्यात हरिहरकाकांची छोटी प्रकाशनसंस्था होती, तिथून ती निघायची. रानगडाचं रक्षण करणारे वीर तीन. खवल्या नावाचं खवले मांजर संकट दिसताच घाबरून चेंडू व्हायचं आणि गडगडत नेमकं चोराच्या पायात जायचं. झुपकी शेकरू शेपटीवरून कंगवा फिरवल्याखेरीज लढाईला निघायची नाही. तिसरं उदमांजर. त्याचं नाव उद्या, आणि नावाला जागून ते प्रत्येक पराक्रम एक दिवस पुढे ढकलायचं.

पण पोरांचा खरा जीव होता तो घुबडाक्कावर. वीर मोठ्या ऐटीत निघाले, की ही म्हातारी ढोलीतून डोकावायची. तिने नुसतं बघितलं, की खवल्या केळीच्या सालीवरून घसरायचा, झुपकीची फांदी मोडायची. मग तिघं मागे फिरायचे, टेकायचे, पाणी प्यायचे आणि एका सुरात ते वाक्य म्हणायचे. अंधश्रद्धेची आपण कशी खिल्ली उडवली, असं मैथिलीला वाटायचं. आपण मोठे पुरोगामी आहोत, अशी तिची स्वतःबद्दलची समजूत होती, आणि ती समजूत तिने कधी तपासून बघितली नव्हती.

त्याच आठवड्यात तानाजी जिन्यात भेटला. वरच्या मजल्यावर राहणारा, एमआयडीसीतल्या कारखान्यात मशिनवर काम करणारा सरळ माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन तो गेटजवळून परत वर चालला होता.

"काय हो, विसरलात काही?"

"नाय वहिनी." तो ओशाळला. "सुपरवायझरचा इंटरव्ह्यू आहे. निघालेलो, तर समोर त्या सुमतीकाकू. म्हटलं, दोन मिनिटं बसून जावं. तसं मी काय मानत नाय. पण पोरं बोलतात ना, ते डोक्यात बसतं."

या वेळी मैथिलीला हसू आलं नाही. तानाजीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

सुमतीकाकू समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. गुडघे गेले तेव्हापासून त्यांचं जग त्या खिडकीत आलं होतं, आणि गेटकडे जाणारा प्रत्येक जण त्या खिडकीवरूनच जायचा. भाजीवाल्याशी घासाघीस तिथूनच, पोरांना "बुटाची नाडी सुटलीय रे" तिथूनच. मैथिलीच्या टेबलावरून ती खिडकी थेट दिसायची.

एके दिवशी ती दिसेना. म्हणजे खिडकी होती तिथेच, पण बंद. आत राखाडी पडदा. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडा गेला तरी झडप काही उघडली नाही. भाजीवाला सवयीने थांबायचा, क्षणभर वाट बघायचा आणि पुढे जायचा.

दुपारी सोसायटी शांत झाली, की मैथिली कामाला बसायची. त्या बंद काचेकडे बघायचं नाही असं ठरवायची आणि तरी मान तिकडे वळायची. पडद्याला मध्ये बोटभर फट होती. तिच्यामागे कुणी उभं असावं असं वाटायचं, अंगावर काटा यायचा. निरखून पाहिलं, तर आत नुसता अंधार असायचा.

मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. झुपकीचे डोळे काढावेत बदामी, खट्याळ, तर कागदावर उतरायचे गोल, मोठे, जाड कडांचे. तिने खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. खवल्याचे मण्यांएवढे बारीक डोळे मोठे झाले. उद्याचे सदा पेंगुळलेले डोळे टक्क उघडले. तिन्ही वीर कागदातून वर, तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, असं तिच्या मनात आलं.

"तू सगळ्यांना सुमतीआजीचे डोळे का दिलेस?" खांद्यावरून डोकावत अक्षदाने विचारलं.

"सुमतीआजीचे कसे असतील?"

"अगं, आक्का म्हणजे सुमतीआजीच ना? तू बघूनच काढलीस ना ती? सगळ्यांना माहितीये."

मैथिलीने कपाटातून जुने अंक काढले. ढोलीत बसलेली म्हातारी. मोतीबिंदूनंतर लावतात तसला भिंगाचा चष्मा. डोक्यावरून घेतलेली शाल. घसरणारा चष्मा पंखाच्या मागच्या बाजूने वर सारायची लकब. सुमतीकाकू पिठाचे हात असले, की मनगटाने चष्मा अशाच वर करायच्या. मैथिलीने हे मुद्दाम केलं नव्हतं. समोर रोज दिसायचं ते हाताने उचललं आणि तिला पत्ताही लागला नाही. पोरांनी मात्र पहिल्याच पानावर ओळखलं होतं.

ते अंक घेऊन ती तडक नौपाड्याला गेली. हरिहरकाका शांत माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मैथिली, मुलांची सर्वाधिक पत्रं आक्काला येतात. आणि आपण त्या समजुतीची टिंगलच करतो आहोत, नाही का? उगाच मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले.

मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवून ती ऑफिसातून खाली उतरली. समोर एका दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. कोण, कुठली, मैथिलीला माहीत नव्हतं. गणवेशातल्या दोन मुली रस्त्याने आल्या, म्हातारीकडे बघून थबकल्या, एकमेकींना कोपर मारलं, मागे फिरल्या आणि पाठीवरच्या बाटल्या काढून पाणी प्यायल्या. ते वाक्य त्यांनी हळूच म्हटलं. म्हातारीला ऐकू आलं असावं, कारण तिने पदर पुढे ओढून घेतला. मैथिली तिथेच रिक्षांच्या गर्दीत उभी राहिली. विनोद तिचा होता, पण आता तो तिच्या हातात नव्हता. तो कुठकुठल्या रस्त्यांवर, कुणाकुणाच्या दारात जाऊन उभा राहत असेल, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

घरी पोचते तोच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देणे आहे. संपर्क : सुमती.'

मैथिलीने चपलाही काढल्या नाहीत. तशीच समोर जाऊन बेल वाजवली.

सुमतीकाकूंनी दार उघडलं. आत अर्धवट बांधलेली खोकी होती. "सांगलीला बहिणीकडे जातेय," त्यांनी सांगितलं. मग मैथिलीच्या हातातले अंक बघून किंचित हसल्या. "बस. मी वाचलेत ते. खवल्या फार गोड आहे."

"काकू, माझं चुकलं," मैथिली कशीबशी म्हणाली. "मला त्या समजुतीची चेष्टा करायची होती."

"चेष्टा कोणाची झाली, सांगू?" सुमतीकाकूंचा आवाज चढला नाही. लोकांना आयुष्यभर "थांबा, जोडून देते" म्हणणाऱ्या बाईचा आवाज होता तो. "तुझ्या पुस्तकात मी पान न् पान शोधलं. आक्का बघते आणि खवल्या पडतो. दर वेळी पडतो. एकदाही असं होत नाही, की तिने बघितलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे तुझ्या रानात ती अपशकुनी आहेच की गं. वेडगळ समजुतीला तू खरं करून दाखवलंस आणि हसायला मला पुढे केलंस."

मैथिलीने हातातले अंक उलटे करून मांडीवर ठेवले.

"हे गेले, तेव्हा मी तिशीत होते. पुतण्याच्या लग्नात सासूबाईंनी मला कोठीच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, वरात निघेपर्यंत बाहेर येऊ नकोस. तिथून मी इकडे आले. एक्स्चेंजमध्ये माझा आवाज ऐकला की लोकांचं काम व्हायचं. या सोसायटीत मी कोणाला आडवी गेले, हे कोणी कधी विचारलं नाही. मला वाटलं, ती खोली मागे राहिली." त्यांनी मनगटाने चष्मा वर सारला. "आता पोरं मला बघून पाणी पितात. पोरांवर मी रागवत नाही. पण त्या दिवशी तानाजी मागे फिरला ना, तेव्हा वाटलं, चला, आपली खोली आपल्याला शोधत इथवर आली."

मैथिलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आक्काला पुढच्या अंकात वीर करते. सगळ्यांना वाचवते ती."

"नको गं बाई. मला कोणाला वाचवायचं नाहीये. मला नुसतं खिडकीत बसायचंय."

त्या संध्याकाळी मैथिलीने तयार झालेली पानं बाजूला ठेवली आणि नवी काढायला घेतली. आक्का ढोलीतून बघते. तिघं सवयीने डोळे मिटून पडायची वाट बघतात. काहीच होत नाही. पुढच्या पानावर आक्का घोरत असते आणि खवल्या धपकन पडतो. हे पान काढताना झुपकीचे डोळे पहिल्यांदा बदामी उतरले. हरिहरकाकांनी फोनवर थोडी कुरकुर केली, मग पानं पाहिली. "हे आधीच सुचायला हवं होतं. तुम्हाला आणि मलाही," एवढंच म्हणाले.

अक्षदाने पानं दोनदा वाचली. "आई, आक्का तर झोपलीये. मग खवल्या का पडला?"

"तो चालताना खाली बघतच नाही."

"आधीच्या अंकातपण नव्हता बघत?"

"आधीपण नव्हता."

समोरच्या बंद खिडकीकडे बघून अक्षदाने विचारलं, "आजी आमच्यामुळे चाललीये?"

"माझ्यामुळे. आणि थोडं तुमच्यामुळेही," मैथिली म्हणाली. खोटं सांगून पोरीला बरं वाटू द्यावं, असं तिला या वेळी वाटलं नाही.

रविवारी अक्षदाची गणिताची स्पर्धा परीक्षा होती. खाली गेल्यावर ती गेटकडे न वळता सुमतीकाकूंच्या खिडकीपाशी गेली आणि काचेवर टकटक केलं. तानाजी स्कूटर पुसत होता, त्याचा हात थांबला.

"आजी, खिडकी उघड ना. मी परीक्षेला निघालेय. माझ्याकडे बघ."

आत काहीच हललं नाही. अक्षदाने पुन्हा टकटक केलं. "तू बघितल्याशिवाय मी जाणार नाहीये. उशीर होईल मला."

पडदा सरकला. झडप कुरकुरत उघडली. भिंगाच्या चष्म्यातले ते मोठे डोळे अक्षदाकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले.

"नाडी बांध," सुमतीकाकू म्हणाल्या. "पडशील."

दुपारी अक्षदा परतली ती तोंड पाडून. गेटजवळच तानाजीने गाठलं. "काय गं, कसा गेला पेपर?"

"वाईट."

तानाजीने खिडकीकडे एक नजर टाकली. ती उघडीच होती. "बघ म्हणजे," तो पुटपुटला.

अक्षदा थांबली. "काका, अपूर्णांकाची गणितं मी केलीच नव्हती. आईने सांगितलेलं, तरी नाही केली. त्यात आजीने काय केलं?" आणि जरा विचार करून तिने विचारलं, "तुमच्या इंटरव्ह्यूचं काय झालं? तुम्ही तर पाणी पिऊन गेलेलात ना?"

तानाजीला ती नोकरी मिळाली नव्हती. तो कान खाजवत उभा राहिला. मग खिडकीसमोर गेला, घुटमळला आणि म्हणाला, "काकू, माझं चुकलंच. ती खोकी उचलून माळ्यावर टाकू का?"

"टाक," सुमतीकाकू आतून म्हणाल्या. "पण भांड्यांचं खोकं खालीच राहू दे. चहा करायचाय."

खिडकी आता उघडी असते. मैथिली मात्र अजून निवांत झालेली नाही, आणि तिने होऊही नये. छापलेलं माघारी बोलावता येत नाही. जुने अंक ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाकुणाच्या घरी पडून आहेत, आणि त्यांच्या पानांतून ती जुनी आक्का अजून डोकावते आहे. तिच्या नजरेला घाबरून कुठेतरी एखादी बाई आपली खिडकी लावून घेत असेल.

वाचकहो, पोरांना हसवा, पोटभर हसवा. पण हसू उमटलं की एकदा आजूबाजूला बघा. ज्या माणसाला सगळे हसतायत, ते माणूस त्या हसण्यात आहे का? नसेल, तर तो विनोद नव्हे, ती कोठीची खोली आहे, आणि तिची कडी आपण बाहेरून लावलेली आहे. ती आपणच काढायची.