हिंदी झाली नाही

कपातल्या चहावर साय धरली होती आणि सायीला एक सुरकुती पडली होती. मनकर्णा त्या सुरकुतीकडेच बघत उभी होती, कारण भरलेला कप तसाच टाकून जाणं हा चंपतरावांचा स्वभाव नव्हे... "मला आज यायला उशीर होईल," एवढंच बोलून ते सायकल घेऊन कचेरीला निघून गेले होते. मला. होईल. पुस्तकी मराठीतलं, धुऊन इस्त्री केलेलं वाक्य. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस घरात तिच्याशी असं कधी बोलला नव्हता.

या घराची रीत ठरलेली होती. मायेचं, कामाचं, दुखण्याखुपण्याचं बोलणं गावाकडच्या बोलीत. भांडण मात्र हिंदीत. लग्न झालं तेव्हा दोन खोल्या, मधे नुसता पडदा आणि पडद्यापलीकडे सासूबाई, प्रयागबाई. त्यांना कळू नये म्हणून नवराबायको हिंदीत भांडायला लागले – "मेरे को बताया क्यों नहीं?" "तुम सुनते कहाँ हो?" – आणि नागपूरची ती हिंदी अशी, की तिच्यात राग फार वेळ टिकतच नाही, चारदोन वाक्यांत कुणाला तरी हसू फुटतंच. मग पडद्याआडून आवाज यायचा, "झाली का वं तुमची हिंदी? आता भाकरी टाक." पुढे सासूबाई गेल्या, पडदाही गेला, पण हिंदी राहिली. भांडण म्हणजे हिंदी, आणि हिंदी झाली म्हणजे मिटलं.

काल हिंदी झाली नाही. भांडी घासताना, अंथरूण घालताना तिनं वाट बघितली... चंपतराव भिंतीकडे तोंड करून झोपले.

काल त्यांचे नवे साहेब जेवायला आले होते, पुण्याचे. पाटवड्यांच्या रश्शानं साहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, बैठक रंगात आली आणि चंपतरावांनी आपली हुकमी गोष्ट काढली – चुलत्याच्या लग्नात भर मांडवात ठाण मांडून बसलेल्या हल्याची. "मंग तो हल्या काही केल्या उठूनच नाही राहिला..." साहेबांच्या कपाळावर आठी दिसली मात्र, मनकर्णा बोलून गेली, "रेडा. तो रेडा काही केल्या उठतच नव्हता." पुढचं वाक्यही तिनं तसंच सोपं करून दिलं. त्याच्या पुढचंही. चंपतराव थांबले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि साहेबांपुढे सुपारीचं तबक सरकवलं. रेडा मांडवातच राहिला.

मी काहून बोलली मधात? – धंतोलीच्या रस्त्यानं दवाखान्यात कामाला जाताना ती स्वतःलाच विचारत होती. उत्तर तिला ठाऊक होतं. तिथली सवय, दुसरं काय. दवाखान्याचे धाकटे डॉक्टर मुंबईत वाढलेले. वणीकडचा, काटोलकडचा पेशंट बोलायला लागला की ते मनकर्णाकडे बघायचे आणि ती टेबलाशी उभी राहून सगळं नीट करून सांगायची. आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. दारात जरीपटक्याची सिंधी बाई "बहनजी, नंबर कब आयेगा?" विचारी, तिला "बैठो ना, आताच है," आत डॉक्टरांना शुद्ध मराठी, बाकावरच्या म्हातारीला "घाबरू नको वं माय" – दिवसभर जीभ अशी या दारातून त्या दारात जायची, आणि संध्याकाळी ती थकलेली नव्हे, खूश असायची. पण चंपतराव काही पेशंट नव्हते.

आज पहिलेच लहानूजी आले, मोठं पागोटं घातलेले म्हातारे गृहस्थ. "जेवलं का इथी असं गुडगुडते, अन् मंग डोकं गरगरून राहते," ते म्हणाले. डॉक्टरांनी सवयीनं मनकर्णाकडे बघितलं. वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं, नीट, डॉक्टरांना हवं तसं... आणि त्याच वेळी लहानूजी बोलता बोलता थांबले. कालही अगदी असंच कुणीतरी थांबलं होतं. तिला लाज वाटली. ती थर्मामीटर झटकत राहिली, बोलली नाही.

खोलीत जरा अवघड झालं. मग लहानूजींनी सरळ डॉक्टरांचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. "इथी. दाबून पाहा ना गा."

डॉक्टरांना असं घरच्यासारखं "गा" म्हणणारा हा पहिलाच असावा. ते हसले. "इथं? जेवल्यावर?" आणि दोघं आपापल्या बोलीत लागले की बोलायला, अडखळत, पुन्हा विचारत, हातवारे करत. नेहमीपेक्षा वेळ फार गेला, पण जाताना लहानूजी डॉक्टरांना त्यांचं गाव विचारून गेले. तिला जरा रितं वाटलं, आणि बरंही वाटलं. मी नसली तरी काम होते म्हणायचं!

संध्याकाळी चहाचं आधण उकळत होतं तेव्हा बाहेर सायकलचं स्टँड वाजलं. पायताणं काढल्याचा आवाज आला, पण पायरीवरून कुणी आत येईना. मनकर्णानं पदर खोचला आणि भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाय वैसीच छोड के चले गये! अच्छा लगा क्या तुमको?"

त्यांनी आता काय म्हणायचं, तेही तिच्या जिभेवर आलं होतं – इतकी वर्षं ऐकलेलं, पाठ झालेलं. तिनं ते तिथंच थांबवलं. हिंदीत येवो, बोलीत येवो, नाहीतर त्या धुतलेल्या मराठीत. वाक्य त्यांचं होतं. त्या हल्याचं शेवटी काय झालं, हेही तिला पाठ होतं, आणि तरी ते त्यांच्याच तोंडून, सबंध, पुन्हा एकदा ऐकावं असं तिला आतून वाटायला लागलं. या वाट बघण्यात काल रात्रीची धास्ती नव्हती. चहा वर आला, तिनं आच कमी केली.

बाहेर चंपतराव खाकरले. ती गप्प राहिली.