अकरा मुलांचा दोर

मित्रांनो, मी एक दोर आहे. जुना, घायपाताच्या पानांतून काढलेल्या वाखाचा, तीन पदरी. माझ्या अंगावर बारा गाठी आहेत. गाठी पडलेला दोर लोकांच्या लेखी बिनकामाचा. तो ना रहाटावर चालतो, ना ओझे बांधायला. मला मात्र माझ्या गाठींचा अभिमान आहे. तो का, हे सांगायचे तर एका शाळेची गोष्ट सांगावी लागेल. ती शाळा आता बंद झाली आहे. घाबरू नका, मी रडगाणे गाणार नाही. मला आयुष्यात माणसे चांगली भेटली आणि त्यांचे आभार मानायलाच मी आज तोंड उघडले आहे.

मला वळले ते एका नवराबायकोने. तो चाक फिरवायचा आणि ती कमरेला वाख गुंडाळून, थोडा थोडा सोडत, मागे मागे चालत जायची. पाठीमागचे दिसत नसल्यामुळे कोंबडी, खाट, नातू, जे आडवे येईल त्यावर ती आदळायची आणि दोष नवऱ्याला द्यायची.

"अहो, सांगता येत नाही का?"

"अगं, तुला सांगू की चाक फिरवू?"

अशा भांडणात माझा पीळ घट्ट झाला. पण काम दोघांनी चोख केले, हातचे काही राखले नाही. म्हणून तर मी अजून टिकून आहे.

शाळेच्या बाईंनी मला आणले, तेव्हा त्या तिथे नुकत्याच रुजू झाल्या होत्या. शाळा म्हणजे एकच लांबट खोली, पुढे ओटा आणि मागे चिंचेचे झाड. पहिली ते चौथीची चाळीसेक मुले आणि बाईंच्या जोडीला एक गुरुजी. मला आणले होते रस्सीखेचीसाठी. दर शनिवारी वीस मुले या टोकाला, वीस त्या टोकाला. काय तो आरडाओरडा! हरलेली बाजू हमखास म्हणायची की दोरच वाकडा आहे. मी ऐकून घ्यायचो. खेळात असे चालायचेच.

मी वर्षे मोजतो ती मला धरणाऱ्या हातांवरून. चाळीस मुलांची तीस झाली, मग वीस. कामाच्या शोधात घरेच्या घरे शहराकडे गेली. गुरुजी निवृत्त झाले. शेवटी उरली अकरा मुले. अकराचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून बाई एका टोकाला एकट्या आणि अकराही जण दुसऱ्या टोकाला. एका शनिवारी पोरांनी असे काही खेचले की बाई थेट चिखलात. मुले आधी घाबरली, मग बाईच हसू लागल्या, आणि मग कुणालाच हसू आवरेना. त्यानंतर मात्र रस्सीखेच बंद झाली आणि मी कपाटामागे जाऊन पडलो. दोन वर्षे तिथेच होतो. एका उंदराने माझे टोक कुरतडले. शेजारी एक चेपलेला पृथ्वीगोल होता. त्याच्यावरचे अर्धे समुद्र पुसले गेले होते, त्यामुळे त्याच्यापुढे माझे दुःख सांगायला मला लाज वाटायची.

कपाटामागून दिसायचे काही नाही, पण ऐकू सगळे यायचे. त्या खोलीची एक रीत होती. सकाळी आल्याआल्या मोठ्या मुलांनी लहानांचे वाचन घ्यायचे, आणि मगच स्वतःची वही उघडायची. बाई एकट्या आणि वर्ग चार, दुसरे करणार तरी काय? पण त्या रीतीमुळे ती अकरा मुले भावंडांसारखी झाली होती. भांडायचीही तशीच.

मग एक दिवस कागद आला. बाईंनी पालकांना ओट्यावर बसवून तो वाचून दाखवला. मुले फार कमी, म्हणून ही शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिळवायची. मोठी शाळा अडीच किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे आणि त्यापुढच्या मोठ्या रस्त्याच्या पल्याड. त्या रस्त्यावरून दिवसभर खडीचे ट्रक धावत. बाईंचीही नेमणूक तिथेच झाली होती. ओट्यावर एकच गलका झाला. मला वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? पण कागदापुढे कुणाचे काही चालले नाही.

त्या अकरांत सर्वांत लहान होती पहिलीतली मुंगी. तिचे खरे नाव हजेरीपटावरच राहिले होते. एखादी वस्तू एकदा पकडली की सोडायची नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिचे बाबा गवंडी होते, आई कपडे शिवायची, आणि तिचा दादा चौथीत होता.

मुंगीचे बाबा उठून म्हणाले, "बाई, मोठा जाईल. पण धाकटीला एवढ्या लांब नाही पाठवायचं. पुढच्या वर्षी बघू."

मुंगीची आई सहसा चारचौघांत बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "पुढच्या वर्षी बघू, असंच माझे बाबा म्हणाले होते. मी दुसरीत होते तेव्हा. ते पुढचं वर्ष अजून यायचंय."

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं. आठ दिवस बघतो. रडत राहिली तर घरी. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

मित्रांनो, मुंगीची शाळा त्या आठ दिवसांवर येऊन ठेपली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कपाटामागून ओढून काढले, धुतले आणि सावलीत वाळवले. किती दिवसांनी कुणाचा हात लागला! त्यांच्या मनात होते की प्रत्येक मुलाने एकेक गाठ धरायची आणि ओळीने चालायचे, म्हणजे रस्ता ओलांडताना कुणी मागे राहणार नाही. अकरा गाठी मुलांच्या, बारावी बाईंची. गाठी मारायचे काम मुंगीच्या बाबांनी स्वतःहून अंगावर घेतले. त्यांनी भिंत मोजावी तसे मला मोजले आणि बरोबर हाताहातावर गाठी मारल्या. मुले चालून बघायला गेली तर काय, प्रत्येकाचा पाय पुढच्याच्या टाचेवर! चपला निसटल्या, दोघे आपटले.

"माझं माप चुकलेलं नाही," बाबा ठामपणे म्हणाले. "पोरं चुकीची चालतात."

"अहो, विटा नाहीत त्या, मुलं आहेत," बाई म्हणाल्या.

बाबांनी पुटपुटत सगळ्या गाठी सोडल्या आणि दुप्पट अंतरावर नव्याने मारल्या. मुंगीच्या गाठीवर आईने मऊ कापडाची पट्टी शिवली, वाख तळहाताला टोचू नये म्हणून. मी कधी कुणाचा इतका लाडका झालो नव्हतो.

पहिल्या दिवशी आम्ही निघालो. पुढे दादा, त्याच्यामागे मुंगी, मग बाकीचे आणि शेवटी बाई. ओढ्यावरचा पूल ओलांडला. मोठ्या रस्त्यावर ट्रक गेला की बाराही मुठी एकदम घट्ट व्हायच्या, ते मला पिळापिळात जाणवायचे. मोठी शाळा आली. भल्यामोठ्या आवारात ओळीने खोल्या होत्या, आणि प्रत्येक दारावर इयत्तेची पाटी. बाईंना हेडमास्तरांनी कार्यालयात सही करायला बोलावले. "तुम्ही वर्गात जाऊन बसा," असे बाई मुलांना सांगून गेल्या. आणि इथेच घोटाळा झाला.

आमच्या मुलांना शाळा म्हणजे एक खोली एवढेच ठाऊक. अकराही जण मला धरून पहिल्याच दारात शिरले. ते दार होते पहिलीचे. मुले खाली बसली, आणि चौथीतल्या दादाने मुंगीचे पुस्तक उघडून तिचे वाचन घ्यायला सुरुवात केली. तिसरीतल्या एका मुलीने तर शेजारच्या अनोळखी मुलालाही पुढे ओढले आणि म्हणाली, "चल, तुझंही घेते."

पहिलीचे सर खडू घेऊन आले आणि दारातच थबकले. "हे काय? तुम्ही कितवीत?"

"मी चौथीत, सर," दादा म्हणाला. "पण आधी हिचं वाचन घ्यायचं असतं ना."

सगळा वर्ग खदखदून हसला. आमच्या मुलांना काय चुकले तेच कळेना. हेडमास्तर आले, त्यांनी मुलांची इयत्तांप्रमाणे वाटणी केली, आणि एकेक हात माझ्यावरून निघाला. मुंगीचा मात्र निघेना. दादा शेजारच्या खोलीत गेला तशी तिने जो सूर लावला, तो मधल्या सुट्टीपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबा संध्याकाळी काही विचारत नसत, नुसती बोटे मोजत.

चौथ्या दिवशी दादाने शक्कल लढवली. पहिली आणि चौथी शेजारी शेजारी होत्या. त्याने माझे एक टोक पहिलीच्या खिडकीतून मुंगीच्या हातात दिले आणि बाहेरच्या भिंतीवरून नेऊन दुसरे टोक चौथीच्या खिडकीतून आत घेतले. तिथे तो स्वतः बसला. ठरले असे की दादाने एक हिसका दिला तर त्याचा अर्थ 'आहेस ना?' आणि मुंगीने दोन दिले की 'आहे.'

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "ही शाळा आहे की विहीर?"

"सर, चारच दिवस द्या," बाई म्हणाल्या. "आणि आमच्या मुलांची वाचन घ्यायची सवय तुम्ही पाहिलीत. ती मोडू नका एवढीच विनंती आहे."

हेडमास्तर कडक होते, पण मनाने मोकळे निघाले. त्यांनी पहिलीच्या सरांशी बोलून दुपारचा अर्धा तास ठरवला. चौथीच्या सगळ्या मुलांनी पहिलीत जायचे आणि प्रत्येकाने एकेका लहानग्याचे वाचन घ्यायचे. आमच्या इवल्याशा शाळेची रीत एवढ्या मोठ्या शाळेने उचलली, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले असते.

चौथ्या दिवशी हिसक्यांनी माझी हाडे खिळखिळी झाली. पाचव्या दिवशी जरा कमी. सातव्या दिवशी मुंगी हसली, एकदाच.

आठव्या दिवशी सकाळी बाबा हातावरचा चुना न धुताच शाळेत आले. पहिलीच्या खिडकीशी येऊन त्यांनी आत डोकावले. माझे टोक खिडकीच्या कट्ट्यावर पडलेले होते. मुंगीच्या जागेवर मुंगी नव्हती. ते धावतच दाराशी गेले.

"मुंगी? माझी मुंगी कुठाय?"

तिसऱ्या ओळीतून, एका नव्या मैत्रिणीच्या पुस्तकातून, एक डोके वर आले. "बाबा, थांबा ना! आमचं पान अर्धंच झालंय." आणि डोके पुन्हा खाली गेले.

बाबा तसेच मागे सरले. पुन्हा खिडकीशी आले आणि भिंतीला टेकले. इतक्यात पलीकडून दादाचा हिसका आला. आहेस ना? उत्तर नाही. पुन्हा हिसका आला, या वेळी जोराचा. पोराचा जीव खालीवर होत असणार. तेव्हा बाबांनी त्या चुन्याच्या हातांनी माझे टोक उचलले आणि हलकेच दोन हिसके दिले.

त्यानंतर मुंगीने मला रस्त्यावर धरले, वर्गात कधीच नाही. ती आता चौथीत आहे आणि लहानांचे वाचन घेते. माझी रोजची फेरी अजून चालू आहे, मोठे होऊन गेलेल्यांच्या गाठींवर नवे हात आले आहेत. वळणाऱ्या त्या दोघांचे, बाईंचे, गवंड्याचे, हेडमास्तरांचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. तुमच्या वर्गातही कधी बंद झालेल्या शाळेतून एखादे मूल येईल. ते चुकीच्या खोलीत शिरेल. त्याच्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेले असेल. हसू नका आणि ते हिसकावून घेऊ नका. शेजारी थोडी जागा करा आणि आपले पुस्तक त्याच्याकडे सरकवा. मूठ आपोआप सुटते. मी स्वतः त्या मुठीत होतो, म्हणून सांगतो.