देवाची मूठ

आधणाचं पाणी स्टोव्हवर चढवून झाल्यावर एस्तेरनं फळीवरचा तो डबा खाली काढला. घरात तांदूळ म्हणून जे काही होतं ते एवढ्या एकाच डब्यात, आणि ते तिचे नव्हते.

डबा सासूनं लग्नात दिलेला. सासू नगरकडच्या खेड्यातली. तिकडच्या ख्रिस्ती घरांतली रीत अशी की, भात लावताना बाईनं त्यातली एक मूठ आधी देवासाठी काढून ठेवायची आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी साठलेले तांदूळ चर्चला न्यायचे. घाटकोपरला आल्यावरही एस्तेरनं ती मोडली नाही. मूठ डब्यात टाकताना ती कुणाचं तरी नाव घ्यायची. पूर्वी नावं बदलायची. नवऱ्याला, शांतवनला, टीबीच्या इस्पितळात ठेवल्यापासून एकच नाव उरलं होतं.

तो उन्हाळ्यात इस्पितळात गेला, आता पहाटे गारठा पडायला लागला होता. ती बॉलपेनच्या रिफिली भरायला एका गाळ्यात जायची. नवऱ्याच्या आजाराचं कानावर गेलं तसं मालकानं तिला थोडे दिवस घरीच बस म्हणून सांगितलं. तसं तो वाईट बोलला नाही. वाईट कुणीच बोललं नव्हतं. चर्चमधल्या बायकाही लांबून विचारपूस करायच्या, डोळ्यांत माया असायची. फक्त घरी येणं बंद झालं होतं.

"आई, भात," बेबी गोधडीतून म्हणाली. ती कालच तापातून उठली होती, तोंडाला चव नव्हती. सकाळपासून तिनं मऊ भाताचा एकच धोशा लावला होता.

"शिजव ना गं. बघत काय बसलीस?" शेजारची मालन उंबऱ्याला टेकून उभी होती. तिचा नवरा गिरणीतला, संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. तिच्या घरात तांदूळ असते तर तिनं न विचारताच वाटी आणून ठेवली असती. सगळ्या चाळीत या उंबऱ्यापर्यंत येणारी ती एकटीच.

"देवाचे आहेत, मालन."

"देव काय उपाशी बसलाय काय? एवढा चांगला देव तुझा, तूच सांगत असतेस. पोरीनं दोन घास खाल्ले तर रागावेल तो?"

"नाही रागावणार."

"मग झालं तर. मी असते ना, तर कधीच शिजवून मोकळी झाले असते. वर त्यालाच सांगितलं असतं, बाबा रे, संप आहे."

एस्तेरला हसू आलं. मालन गेली आणि ते हसू तसंच ओठांवर राहून गेलं. रागावणार नाही, हेच तर अवघड होतं. रागावणारा असता तर त्याला भिऊन गप्प बसता आलं असतं. तिनं तांदूळ सुपात ओतले. जेमतेम दोन वेळच्या भातापुरते. किडू नयेत म्हणून टाकलेली कडुलिंबाची पानं त्यात चुरमडून पडली होती. ती निवडता निवडता तिला वाटलं, यातली एकेक मूठ शांतवनच्या नावानं पडली आहे. माझा माणूस तुझ्या हवाली, असं म्हणून टाकलेली. आता कुठली मूठ परत घ्यायची?

पाणी उकळायला लागलं. तिनं ओंजळ भरली, पातेल्यावर नेली, वाफेनं हात पोळला तरी तशीच धरून राहिली. बेबी उठून बसली होती, टक लावून बघत होती. पोरीच्या नजरेला नजर देणं तिला जमेना.

"बापा, मला कळत नाही," ती हळूच म्हणाली. "पण दिलं ते दिलं."

ओंजळ सुपात परत गेली. उकळत्या पाण्यात तिनं उरलेलं ज्वारीचं पीठ कालवलं, गुळाचा खडा टाकला. बेबीनं दोन चमचे घेतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. एस्तेर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरगी जागीच होती, पण वळली नाही.

रविवारी उपासनेला तिच्या बाकावर ती आणि बेबी, बाकीचा बाक रिकामा. बायका पुढे जाऊन आपापले तांदूळ मोठ्या घमेल्यात ओतत होत्या. तिनंही ओतले. मग पाळकसाहेबांनी सांगितलं की या खेपेला तांदूळ विकायचे नाहीत, मंडळीतल्या एका अडचणीत सापडलेल्या बहिणीला द्यायचे आहेत. नाव घेतलं नाही. तिच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना केली. एस्तेरनंही डोळे मिटून अगदी मनापासून केली. त्या बाईला एकटं वाटू देऊ नकोस, प्रभू. तिच्या लेकरांना पोटभर भात मिळू दे.

दुपारी दाराची कडी वाजली. महिला मंडळाच्या रत्नप्रभाबाई साळवे कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"सलाम, एस्तेरबाई. मंडळानं पाठवलंय. नाही म्हणायचं नाही."

पिशवीकडे बघताच एस्तेरला कळलं, आणि कानांच्या पाळ्या तापल्या. सकाळची आपलीच प्रार्थना तिला आठवली.

"या ना आत. चहा टाकते."

"नको, आता नको. आणखी दोन घरं करायचीत." रत्नप्रभाबाईंची नजर कोपऱ्यातल्या शांतवनच्या गुंडाळलेल्या गादीवर गेली आणि चटकन परत आली. पिशवी त्यांनी उंबऱ्यावर टेकवली. जरा घुटमळल्या. "प्रार्थनेत रोज नाव घेते हो मी त्यांचं," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

एस्तेरनं पिशवी सुपात उपडी केली. जाडे रेशनचे, बारीक कोलम, कुठे लांबट सुवासिक, कुठे लालसर. बायका कुणी आल्या नव्हत्या, त्यांचे तांदूळ आले होते.

"यातले आपले कुठले?" बेबीनं विचारलं.

"काय माहीत, राजा. मिसळले सगळे."

तिनं भातापुरते तांदूळ पातेल्यात घेतले आणि पाणी ओतलं. कडुलिंबाचं एक वाळलेलं पान खालून सुटून वर आलं आणि पाण्यावर तरंगत राहिलं. ते तिनं बोटानं उचललं, पदराला पुसलं. मग सुपातले मूठभर कोरडे तांदूळ घेतले, फळीवरचा डबा खाली काढला आणि आधी ते पान त्यात ठेवलं. रिकाम्या डब्यात तांदूळ पडताना मोठा आवाज झाला. बेबी दचकून बघायला लागली.

"शांतवन," एस्तेर म्हणाली. मग जरा थांबून, "आणि रत्नप्रभाबाई."