गयासची पट्टी

"अबे ओ गयास! गवत कापून राहिला का गवताची दाढी करून राहिला?"

मोठ्या मशीनवर बसलेल्या शेषरावनं आरोळी ठोकली अन् वळणावर इंजीन बारीक केलं. उत्तर ऐकल्याशिवाय त्याला पुढं जाताच यायचं नाही.

"तू तुहं हाक ना बे! बसून बसून ढुंगन सपाट झालं तुहं, गवतापेक्षा!" छोटी मशीन ढकलत जाणारा गयासुद्दीन मागं न बघताच बोलला.

शेषराव पोटभर हसला अन् त्यानं इंजीन मोठं केलं. सकाळ सुरू झाली ती अशी. रोजच अशी व्हायची.

अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे निघालं की बडनेरा मागं पडल्यावर हे गोल्फचं मैदान लागतं. एका कारखानदारानं हौसेनं केलेलं, नऊ खड्ड्यांचं. मैदानाच्या मधोमध सतरंजीसारखं बारीक कापलेलं गवत, ते शेषरावचं. दोन्ही बाजूंना पोटरीएवढं माजलेलं रान, ते कुणाचंच नाही. अन् या दोघांच्या मधून दोन-तीन हात रुंद, घोट्याखाली राहील एवढी कापलेली पट्टी. ती गयासची. चेंडू जरासा भरकटला तर त्या पट्टीत अडकायचा. दिसायचा, जरा जोर लावून मारता यायचा. रानात गेला की गेलाच.

"काय कामाची बे तुही पट्टी?" शेषराव चिडवायचा. "ना इकडची ना तिकडची! तुले फिराले जागा पाहिजे म्हणून ठेवली सायबायनं."

"थोडं चुकलं त्याले थोडीच शिक्षा पाहिजे," गयास म्हणायचा. "हातभर सरकला तं फाशी देतं काय बे तू?"

मैदान झालं तेव्हापासून हेच भांडण चाललेलं. शेषराव ट्रॅक्टर चालवायचं सोडून इकडे आला, गयास अकोल्याच्या जुन्या शहरातून मशीन दुरुस्त करायला आला अन् राहूनच गेला. दुपारी मात्र दोघांचे डबे एकाच लिंबाखाली उघडायचे. शेषरावच्या बायकोनं, शकुननं, दिलेला झुणका गयास आधी संपवायचा, अन् वर म्हणायचा, "वहिनीचा हात चांगला हाये, नवरा तेवढा फसला."

यंदा मैदानावरच्या विहिरीनं मार्चातच तळ दाखवला. त्यात नवे सेक्रेटरी आले, ललित साहेब, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना अहो-जाहो करायचा. एका सकाळी दोन-तीन मेंबरांना घेऊन तो वळणावर उभा राहिला अन् त्यानं शेषरावला हाक मारली.

"शेषराव, तुम्ही इथले जुने. ही मधली पट्टी खरंच लागते का हो?"

गयास तिथंच मशीनच्या पात्यातलं गवत काढत बसला होता. तो समोर दिसला अन् शेषरावची जीभ सवयीनं वळवळली.

"कायची लागते सायेब! गयासले फिराले जागा पाहिजे म्हणून ठेवली."

मेंबर हसले. गयासही हसला. "याले नोका विचारू सायेब. याले हरळी अन् सांबाराची जुडी एकच दिसते."

पुन्हा सगळे हसले. ललित साहेब तेवढा हसला नाही. त्यानं मान हलवली. पुण्याच्या माणसाला ते भांडण वाटलं, अन् भांडणात माणूस खरं बोलतो असंही वाटलं असावं.

पुढच्या आठवड्यात साहेबानं सगळ्या माणसांना शेडपाशी बोलावलं.

"मधली पट्टी आपण बंद करतोय. तिथं गवत वाढू द्यायचं. पाणी वाचेल, डिझेल वाचेल. चेंडू जातील थोडे, मेंबर सांभाळून खेळतील. आणि हे एकट्या कमिटीचं मत नाही. ज्यांच्या हातून हे मैदान घडलं, त्या शेषरावजींचंही हेच मत आहे."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

शेषरावसाठी जन्मात कुणी टाळी वाजवली नव्हती. नावापुढं जी लागलेलंही त्यानं ऐकलं नव्हतं. ऊर भरून आला त्याचा. मग त्यानं गयासकडं बघितलं. गयास त्याच्याकडंच बघत होता, ओठांत हसू धरून. त्याला वाटत होतं, आता हा म्हणेल, अहो सायेब, ते तं मी मस्करी केली होती. एवढं एकच वाक्य. शेषरावच्या जिभेवर ते आलंही होतं. टाळ्या थांबल्या की बोलू, असं म्हणून तो थांबला. टाळ्या थांबल्या, तेव्हा गयासचं हसू गेलेलं होतं.

साहेबानं गयासला गेटवर बसायचं काम देऊ केलं.

"बसून राहाची आदत नाही सायेब," गयास म्हणाला. त्यानं आपली मशीन पुसली, तिच्यावर पोतं टाकलं, अन् बडनेऱ्यातली खोली सोडून तो अकोल्याला लेकीकडे निघून गेला.

"तवाच काहून नाही बोलले तुमी?" शकुननं विचारलं.

"टाळ्या वाजून राहिल्या होत्या वं."

"मंग खा आता टाळ्या."

शेषराव साहेबाकडे जाऊन आला. "सायेब, ते मस्करी होती. आमी रोजच तसं बोलतो."

साहेबानं हातातला कागद खाली ठेवला. "मस्करी? अहो, मला कसं कळणार, शेषराव?" त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं. पण कमिटीचा ठराव झाला होता.

मग एका रविवारी शेषरावनं अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईस्तोवर त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. गयास दोन शिव्या देईल, आपण चार खाऊ, की झालं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून तो जुन्या शहरात शिरला. विचारत विचारत गल्ली काढली. गयास दारात कुणाचा तरी कूलर उघडून बसला होता.

"काय बे गयास! आता कूलरची दाढी करून राहिला काय?"

गयासनं मान वर केली. पाना खाली ठेवला. उठून उभा राहिला.

"या शेषरावजी. बसा." मग आत वळून लेकीला म्हणाला, "रुबीना, चाय रख बेटा. शेषरावजी आए हैं."

शेषराव उभाच राहिला. "अबे, जी काय लावलं?"

"बसा ना. तरास नाही झाला ना येताना? वहिनी बऱ्या हायेत?"

"बरी हाये." शेषराव खुर्चीच्या कडेला टेकला. "गयास, मी जरासा चुकलो बे. जरासाच."

गयास कूलरचे स्क्रू तळहातावर घेऊन निवडत होता. निवडून झाले, तसे त्यानं ते वाटीत टाकले.

"चहा घ्या," तो म्हणाला. "थंडा होऊन राहिला."

निघताना गयास कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला. ऑटो थांबवला, ड्रायव्हरला स्टँडवर नीट सोड म्हणून बजावलं. पाहुण्याला करतात ते सगळं केलं. काहीच कमी ठेवलं नाही.

पट्टी आता राहिली नाही. रान थेट शेषरावच्या कापलेल्या गवतापर्यंत आलं आहे. मेंबर काठ्यांनी गवत चाचपत चेंडू शोधतात अन् थोड्या वेळानं खिशातून दुसरा काढतात. काही कुरकुरतात, काहींना सवय झाली.

शेषराव रोज मशीन घेऊन निघतो. वळण आलं की त्याचा हात आपोआप जातो अन् इंजीन बारीक होतं. पलीकडून काही ऐकू आलं तर यावं म्हणून. मशीन जागच्या जागी थरथरत राहते. रान वाऱ्यानं हलतं. मग तो इंजीन मोठं करतो अन् वळतो.