शर्यतीच्या गाडीचं कपाळ

यज्ञेश्वरपंतांची नजर मंदावत चालली होती. दिवाळीनंतर गाडी चालवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी एकदाच, उद्याच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत, त्यांना तरुणपणीची शर्यतीची गाडी चालवायची होती. पण ऑइल गळणारी गाडी फेरीत घेत नाहीत, आणि ही तर सुरू केली की ठिबकायला लागायची.

"सांध्यात नवं गॅस्केट घातलं, तरी रडतीयाच," बिबवेवाडीचा संपत मेस्त्री म्हणाला. "काकू, अंगाला लावायची पावडर हाय का? गळती कुठनं हाय ते दिसंल."

पंतांच्या पत्नी वासंतीबाई डबा घेऊन अंगणातल्या शेडमध्ये आल्या. रॉकेलनं धुऊन कोरड्या केलेल्या इंजिनावर त्यांनी चिमटीचिमटीनं पावडर भुरभुरवली. काळं लोखंड हळूहळू पांढरं झालं, डोंगरावर पहाटेचं धुकं उतरावं तसं. पंतांनी इंजिन सुरू केलं. घरघर आपल्याच छातीतून येतेय, असं वासंतीबाईंना वाटत राहिलं.

मग त्या पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. पलीकडे दुसरी. पुढूनही एक ओघळ आला.

"समद्या सांध्यांतनं येतंय," संपतनं इंजिन बंद करायची खूण केली. "म्हंजे सांध्यांचा दोष न्हाई. आत वारा कोंडलाय, त्यो ऑइलला भाईर ढकलतोय. वारा निघायची वाट बुजलीया."

त्यानं वरचं गोल झाकण उचललं. त्याच्या जाळीत लाल, चिकट थर घट्ट बसला होता.

वासंतीबाईंचा चेहरा उतरला. दर खंडेनवमीला त्या तिथेच हळदकुंकू लावत. पडू नये म्हणून तेलात कालवून.

"अहो, मी ते गाडीचं कपाळ समजत होते."

"नाक होतं ते," पंत म्हणाले. "इतकी वर्षं भक्तिभावानं बुजवलंस. आमचं वाचलं, हे नशीब."

संपतनं तोंड फिरवून हसू दाबलं. वासंतीबाई हसल्या नाहीत. उद्याच्या फेरीसाठी रोज देवाला साकडं घालायचं, आणि वाट आपणच अडवायची! त्यांनी झाकण रॉकेलमध्ये बुडवलं, ब्रशनं घासलं, पुन्हा घासलं. जाळीच्या प्रत्येक भोकातून उजेड आला, तेव्हाच संपतच्या हातात दिलं.

पुन्हा पावडर. पुन्हा घरघर. इंजिन तापलं, शेडमध्ये गरम वास दाटला. पांढरं मात्र पांढरंच राहिलं.

"काकू, घेतीया श्वास!"

"उद्याच्या आधी एक चक्कर मारून बघतो," म्हणत पंतांनी गाडी फाटकाबाहेर काढली. "वळणावरच्या चिंचेपर्यंतचं लख्ख दिसतंय गं!"

एकाच माणसाला बसता येईल अशी गाडी ती. वासंतीबाई फाटकाशी डोळे मिटून उभ्या राहिल्या. आवाज चिंचेपाशी पोचला, वळला, उताराला लागला. कुठेच अडखळला नाही.