डाव्या आट्यांचा दिवा

स्टुडिओतले दिवे दुरुस्त करणाऱ्या ताईकडे कुणी खोकं घेऊन आलं, की ती आधी हातातला चहा संपवायची. घाई माणसांना असते, दिव्यांना नाही, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी मात्र चहा कपातच गार झाला.

खोक्यातून निघाला मुठीएवढा दिवा. पुढे भिंग, मागे एक चक्री. चक्री फिरवली की भिंग पुढेमागे सरकायचं आणि प्रकाश एकतर भिंतभर पसरायचा, नाहीतर बशीएवढ्या गोलात येऊन बसायचा.

"एका कंपनीने नवाच बाजारात आणलाय," कॅमेरामन म्हणाला. "दिवा झकास आहे हो, पण प्रकाश आवळायला जावं तर पसरतो. उलटाच फिरतो बेटा!"

ताईने मागचं झाकण उघडलं. आत डावे, म्हणजे उलटे फिरणारे आटे होते. ते बघून तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

ताई डावखुरी. सहा वर्षं घरी खपून तिने असाच दिवा बनवला होता आणि आटे आपल्या हाताला सोपे पडतील तसे पाडले होते. दिवा पुरा झाला तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या लक्षात आलं, की बाकीचं जग उजव्या हाताने फिरवतं. ते आटे बदलायचे आणि मगच स्टुडिओत दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे दिवे उघडले, हा एक तरी तिचा म्हणून लोकांनी ओळखावा, एवढीच हाव होती तिला.

तेवढ्यात धाकटा भाऊ आला होता. तो फोटोग्राफर. "एका कामापुरता दे ना ताई, चार दिवसांत आणून देतो." विसाव्या दिवशी आणला, वर तोंड भरून कौतुकही केलं.

नक्कल करायलाही अक्कल लागते. पठ्ठ्याने कंपनीला दिव्याची नक्कल दिली, ती चुकीसकट. ताईला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. आई गेल्यावर ज्याला हाताने भरवलं, ज्याला पहिला कॅमेरा घेऊन दिला, त्यानेच केसाने गळा कापला होता.

तिने फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तोच दुकानात आला. बाकावरचा उघडा दिवा बघून तो दारातच थबकला, मग आत येऊन बसला.

"चिडू नकोस ताई. तुझ्याकडे तो कपाटातच पडून राहिला असता."

"कंपनीला काय सांगितलंस? कुणी बनवला?"

"मी," तो पुटपुटला. मग घाईघाईने म्हणाला, "ते आटे तेवढे सरळ करून दे ना. कंपनीचा इंजिनियर उद्या तुझ्याकडेच येतोय."

"माझ्याकडे? त्यांना माझं नाव कुठून कळलं?"

धाकटा बाकाची कड नखाने खरवडत राहिला.

"तक्रारी फार आल्या गं. ही चूक कुणाची, म्हणून साहेब अंगावरच आले. मग सांगून टाकलं, माझ्या बहिणीची."

त्या दिव्याशी तिचं नाव पहिल्यांदाच कुणीतरी जोडलं होतं.

"तेवढं एक खरं बोललास," ती म्हणाली. "आता ऊठ. चूक माझी, तर दिवाही माझाच; उद्या इंजिनियरला मीच सांगते."